गाजरगवताचे दप्तर

गाजरगवत पुण्यात प्रथम कोणत्या साली दिसले, हे छापील आहे. त्या गवताच्या वावड्याने पहिला पुणेकर कोणत्या साली अंग खाजवू लागला, ते साल मात्र सतरा वर्षांच्या एका पट्ट्यात कुठेतरी आहे, याहून जास्त म्हणता येत नाही. दोन्ही घटना एकाच शहरात, एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत घडल्या. गवताची नोंद माणसाच्या नोंदीपेक्षा नीट ठेवली गेली, असे माझे म्हणणे आहे. ते का, हे उपलब्ध कागदांवरून दाखवायचे आहे. आज दवाखान्यातली माहिती संगणकावर चढते आहे, तेव्हा हा हिशेब एकदा मांडलेला बरा.

सदाशिव पेठेत बसून इतिहास लिहायचा तर भारत इतिहास संशोधक मंडळाची शिस्त चुकवता येत नाही. १९१० साली वि. का. राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी मंडळ काढले. त्याआधी १८९८ पासूनच राजवाडे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ छापत होते. त्यांचे मागणे एकच असे: कागद दाखवा. कागद त्या वेळचा की मागाहून रचलेला, लिहिणारा जागेवर हजर होता की ऐकीव सांगतो, तारीख घटनेची की लेखनाची, हे विचारल्याशिवाय पुढे जायचे नाही. गवताला आणि खाजेला हेच प्रश्न विचारू.

पहिला कागद वनस्पतिशास्त्राचा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकाच्या ५४व्या खंडात, १९५६ साली, आर. एस. राव यांची तीन पानांची टीप आहे. पार्थेनियम, म्हणजे गाजरगवताची प्रजाती, भारताला नवीन, असा तिचा दावा. तिच्या जोडीने पुढच्या लेखनात एक नाव सतत येते, प्रा. परांजपे यांचे. त्यांनी १९५१ साली पुण्यात उकिरड्यांवर या झाडाची तुरळक रोपे पाहिली होती. म्हणजे निरीक्षण १९५१चे आणि छपाई १९५६ची. मध्ये पाच वर्षे आहेत खरी, पण साक्षीदाराचे नाव आहे, गाव आहे, साल आहे, आणि रोप उगवले होते ती जागासुद्धा आहे. पेशवाईतल्या कितीतरी लढायांना एवढे भाग्य लाभलेले नाही.

‘भारताला नवीन’ हा दावा पुढे टिकला नाही. १९७८ साली बेनेट, नैथानी आणि रायझादा यांनी ‘इंडियन जर्नल ऑफ फॉरेस्ट्री’त या झाडाचा इतिहास तपासला. विल्यम रॉक्सबर्ग यांच्या १८१४च्या ‘हॉर्टस बेंगालेन्सिस’ या कलकत्त्याच्या बागेतल्या झाडांच्या यादीत हे नाव आहे, आणि डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत डिट्रिच ब्रँडिस यांनी १८८० साली गोळा केलेला वाळवलेला नमुना आहे. म्हणजे झाड देशात सव्वाशे-दीडशे वर्षे आधीपासून होते. फरक असा की ते बागेत आणि संग्रहात होते. उकिरड्यावरून शेतात आणि तिथून रस्त्याच्या कडेला, असा त्याचा पसारा वाढला तो पुण्याच्या नोंदीनंतर.

आता बखर. गाजरगवत अमेरिकेच्या पी.एल. ४८०च्या गव्हातून आले, हे प्रत्येकाला ठाऊक असते, आणि ‘काँग्रेस गवत’ म्हणताना त्यात राजकीय चिमटाही असतो. तारखा लावून पाहू. पब्लिक लॉ ४८० या अन्नसाहाय्याच्या कायद्यावर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांची सही १० जुलै १९५४ची. भारताशी त्याखालचा पहिला करार २९ ऑगस्ट १९५६चा. परांजपे यांनी रोपे पाहिली १९५१ साली. करार व्हायच्या पाच वर्षे आधीचे रोप त्या कराराच्या गव्हातून उगवणे शक्य नाही.

पण बखर सहसा निव्वळ खोटी नसते. ती तारखा एकमेकींत मिसळते. १९५१ साली भारतात धान्याची तंगी होती. १५ जून १९५१ रोजी अमेरिकेने भारतासाठी आपत्कालीन अन्नसाहाय्याचा कायदा केला. वीस लाख टन धान्य आणि त्यासाठी एकोणीस कोटी डॉलर कर्ज, असा तो व्यवहार. अमेरिकी गहू इथे आला तो पी.एल. ४८०च्या आधी, ही गोष्ट सांगणारे फार थोडे भेटतात. परांजप्यांचे साल आणि या कायद्याचे साल एकच आहे, पण त्यावरून बी त्याच गव्हातून आले असे ठरवायला मी तयार नाही. जून महिन्यात सही झालेले धान्य जहाजात भरून मुंबईत उतरवायचे, पुण्याला आणायचे, त्यातले बी उकिरड्यावर पडून रुजायचे, आणि हे सगळे डिसेंबरच्या आत, हे घाईचे आहे. अशक्य नाही, घाईचे आहे. पुढच्या वर्षांत आयात धान्याने नवे बी आणून पसाराला जोर दिला असेल, हे मानायला हरकत नाही. ते पहिले रोप आणि नंतरचा पूर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बखरीने ते एक केले.

गवताचे दप्तर १९६८पर्यंत जाड होते. त्या वर्षी ‘इंडियन फार्मिंग’मध्ये वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्रातल्या पिकांना आणि कुरणांना धोका ठरणारे तण म्हणून याची ओळख करून दिली. वर्तक हे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ साली पुण्यात उभ्या केलेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले. माधव गाडगीळ यांच्याबरोबर देवरायांवर काम केलेले वर्तक ते हेच. त्यांच्या लेखात काळजी आहे ती शेताची आणि गुराढोरांच्या चाऱ्याची.

त्याच १९६८ साली माणसाचा पहिला कागद मिळतो. ए. लोणकर आणि एम. के. जोग यांनी भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात पार्थेनियममुळे झालेल्या त्वचादाहाची केस छापली. एका रुग्णाची हकीकत. पुढचा कागद १९७२चा, त्याच दोघांचा, ‘काँटॅक्ट डर्मटायटिस न्यूजलेटर’मध्ये. लंडनच्या सेंट जॉन्स रुग्णालयाचे चार्ल्स कॅल्नन १९६७पासून चालवत असलेले हे छोटेसे पत्रक जगभरच्या मोजक्या त्वचारोगतज्ज्ञांत फिरत असे. या वेळी शीर्षकातच ‘साथ’ हा शब्द आहे. मग १९७४ साली लोणकर, व्हँकुव्हरचे जॉन मिचेल आणि कॅल्नन यांचा अकरा पानांचा लेख सेंट जॉन्सच्या त्वचारोग सोसायटीच्या ‘ट्रान्झॅक्शन्स’मध्ये आला. पुण्याचे गाजरगवत त्या लेखाने जगाच्या वैद्यकीय नकाशावर गेले.

१९६८ला एक रुग्ण, १९७२ला साथ. चार वर्षांत एवढी उडी? की साथ आधीपासून होती आणि ओळखू आली उशिरा? रुग्णांची नावे न छापता, नुसत्या तारखा आणि पत्ते ओळीने लावलेली एखादी वही असती तर उत्तर दोन दिवसांत मिळाले असते. वरची मर्यादा १९६८, खालची १९५१. सतरा वर्षांचा तो पट्टा इथून आला.

हा पट्टा अरुंद करणे महत्त्वाचे का, हे कळायला रोगाची चाल बघावी लागते. पार्थेनिन नावाचे द्रव्य या झाडात असते. त्याची रेणुरचना वर्नर हर्झ आणि सहकाऱ्यांनी १९६२ साली उलगडली. झाडाच्या अंगावरची बारीक लव वाळून तुटते, वाऱ्याबरोबर उडते, आणि हात न लावताही कातडीवर बसते. म्हणून आधी पापण्या, मानेच्या वळ्या, कोपराच्या आतली घडी, गुडघ्यामागची खळी पेटतात. पहिल्याच स्पर्शात काही होत नाही. शरीर आधी त्या द्रव्याची ओळख करून घेते, त्यात महिने किंवा वर्षे जातात, आणि नंतरच्या संपर्कात खाज उठते. सुरुवातीला हंगामी असलेला त्रास पुढे बारमाही होतो. याचे निदान पॅच टेस्टने होते: पाठीवर द्रव्याची पट्टी लावायची, दोन दिवसांनी काढायची, आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी बघायचे. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या ठरीव पॅच टेस्ट संचात आज पार्थेनियम असतेच.

यात चार वेगवेगळ्या तारखा आहेत. गवत दारात आले ती तारीख, शरीर बिथरले ती, पहिल्यांदा खाज आली ती, आणि निदान झाले ती. पहिली तारीख वनस्पतिशास्त्रज्ञांनी जपली. चौथी तारीख छापील लेखात आहे, आणि ती लेखाची तारीख आहे. मधल्या दोन फक्त रुग्णाच्या केस पेपरात असू शकत होत्या.

बंगळूरुच्या कामाने हा मुद्दा आणखी टोकदार होतो. पी. व्ही. सुब्बा राव आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली गवताच्या संपर्कात येणाऱ्या लोकांची तपासणी प्रसिद्ध केली. ४ टक्के लोकांना त्वचादाह झालेला होता. आणखी ५६ टक्क्यांचे शरीर संवेदनशील झालेले, पण कातडीवर काहीच नाही. म्हणजे दवाखान्याच्या दारात येणाऱ्या दर एका माणसामागे चौदा जण घरी होते. नंतर त्याच शहरात नाक आणि छातीच्या ॲलर्जीच्या रुग्णांची परागांनी त्वचा-चाचणी झाली, तेव्हा नाकाची तक्रार असलेल्यांपैकी ३४ टक्के आणि दम्याच्या रुग्णांपैकी १२ टक्के या गवताच्या परागांना प्रतिसाद देणारे निघाले. झाड एकच. त्याची लव कातडीला उशिरा उमटणारी ॲलर्जी देते आणि पराग नाकाला तत्काळ उठणारी. एक रुग्ण त्वचेच्या ओपीडीत जातो, दुसरा कान-नाक-घशाच्या. दोन खोल्या, दोन केस पेपर. टिळक रोडवरच्या एकाच वाड्यात राहणारे दोन भाऊ एकाच गवताने दोन डॉक्टरांकडे गेले असते, तर त्यांची गाठ कागदावर पडायला काही वाटच नव्हती.

आपल्याकडे ओपीडीचा केस पेपर रुग्णाच्या हातात देण्याची रीत आहे. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घरी जातो, पुढच्या खेपेला आणला तर आणला. ॲलर्जी हा जवळजवळ सगळा ओपीडीचा आजार. खाट अडवणारे रुग्ण कमी. आणि नियम आहे तो खाटेवरच्या रुग्णांसाठी. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या वर्तनविषयक नियमांत डॉक्टरने आंतररुग्णांची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवावीत असे म्हटले आहे. रुग्णाने मागितली तर ७२ तासांत द्यावीत, असेही आहे. बाह्यरुग्णांचे बंधन त्यात नाही.

तीन वर्षे हा आकडा इतिहासाच्या डोळ्यांनी बघा. हाच नियम १९६८ साली असता आणि लोणकर-जोग यांचा तो पहिला रुग्ण रुग्णालयात दाखल झालेला असता, तरी त्याचे कागद १९७१ साली रद्दीत घालायला मोकळे झाले असते. ‘साथ’ हा शब्द छापून आला १९७२ला. कागद जपण्याची मुदत साथ ओळखण्याच्या आधी संपली असती. न्यायालयात कुणी खटला भरला तर उपयोगी पडावेत, एवढ्या बेताने तो आकडा ठरवलेला दिसतो. सावकाश चढणाऱ्या रोगाचा विचार त्यात नाही. त्याच नियमांत मात्र एक छोटे वाक्य आहे: वैद्यकीय नोंदी चटकन सापडाव्यात म्हणून त्या संगणकावर घेण्याचा प्रयत्न करावा.

त्या वाक्याची पुढची वाटचाल पुन्हा पुण्यातून जाते. केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ साली जाहीर केली आणि २०१६ साली सुधारली. त्यांना आधार देणारे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. एकच आजार हजार डॉक्टर हजार तऱ्हेने लिहितात. यंत्राला तो एकच आहे हे कळावे म्हणून प्रत्येक संज्ञेला संकेतांक देणारा ‘स्नोमेड सीटी’ हा जागतिक कोश भारताने २०१४ साली सभासद होऊन घेतला, तो देशभर वाटण्याचे कामही याच केंद्राकडे. २७ सप्टेंबर २०२१ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले आणि चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक लोकांच्या मोबाइलवर आला.

२०१६च्या मानकांतला जतनाचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. रुग्ण हयात असेपर्यंत त्याची नोंद नष्ट करायची नाही; मृत्यूनंतर, खटला नसेल तर, ती वापरातून बाजूला ठेवता येते, आणि तीन वर्षांचा नियम लावायचा तो तिथे. २००२मध्ये तीन वर्षे उपचाराच्या पहिल्या दिवसापासून मोजली जात होती, इथे ती आयुष्य संपल्यावर सुरू होतात. मानक म्हणजे कायदा नव्हे, आणि पेठांतल्या छोट्या दवाखान्यांत आजही वही आणि डॉक्टरांची स्मरणशक्ती यांवरच बरेच चालते. तरी हेतू कागदावर आला.

नेहमीच्या दवाखान्यांतून जुळलेली नोंद नसली तर काय करावे लागते, याचा एक मोठा दाखला पुण्यातलाच आहे. चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या संदीप साळवी यांच्या पुढाकाराने १ फेब्रुवारी २०११ रोजी देशातल्या ८८० शहरा-गावांतल्या डॉक्टरांनी एका दिवसात आलेल्या प्रत्येक रुग्णाची तक्रार लिहून दिली. २,०४,९१२ रुग्णांची ती माहिती २०१५ साली ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आली. निम्म्याहून जास्त रुग्णांना श्वसनाची काही ना काही तक्रार होती. काम थोरच आहे. पण तो एका दिवसाचा फोटो आहे. फेब्रुवारीचा तो पहिला दिवस पावसाळ्यात माजणाऱ्या गवताबद्दल काय सांगणार?

उलट बाजूला बॉस्टनच्या एका रुग्णालय-समूहाने १९९० ते २०१३ या काळातल्या सुमारे साडेसतरा लाख रुग्णांच्या संगणकीय नोंदी नुसत्या चाळून औषधांच्या ॲलर्जीचा हिशेब काढला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. ३५.५ टक्के रुग्णांच्या नोंदीत निदान एक औषध होते. पेनिसिलिन वर्गाचे नाव १२.८ टक्क्यांच्या नोंदीत. यासाठी एकाही रुग्णाला पुन्हा बोलवावे लागले नाही. नोंदी रोजच्या उपचारासाठी केलेल्या, संशोधन त्यातून आपोआप निघाले.

पण इथे राजवाडे पुन्हा आडवे येतात, आणि यायलाच हवेत. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्याची नोंद असलेल्यांची नीट तपासणी केली तर दहातले नऊ जण ते औषध बिनधोक घेऊ शकतात, हे अमेरिकेत वारंवार दिसले आहे. लहानपणी ताप असताना अंगावर पुरळ आले, आईने डॉक्टरांना सांगितले, नोंद झाली, आणि तीच नोंद चाळीस वर्षे एका पडद्यावरून दुसऱ्यावर उतरत गेली. ही नकलेची नक्कल आहे. संगणकाने ती अस्सल होत नाही. जास्त देखणी दिसते इतकेच. अशा नोंदीमुळे रुग्णाला साध्या औषधाऐवजी भारी प्रतिजैविके मिळतात, म्हणजे चुकीच्या कागदाची किंमत मोजतो तो रुग्ण.

डिजिटल मिशनसाठी वापरलेल्या माहितीच्या साच्यात ॲलर्जीची वेगळी जागा आहे, आणि ती आखणाऱ्यांनी साधनचिकित्सेचा अभ्यास केला असावा असा भास होतो. ॲलर्जी कशाची, तर अन्न, औषध, परिसर, की जैविक द्रव्य. पडताळणी कितपत, तर अपुष्ट, सिद्ध, की खोडून काढलेली. त्रास सुरू झाला ती तारीख एका रकान्यात, नोंद केली ती तारीख दुसऱ्यात, शेवटचा झटका आला ती तिसऱ्यात. माहिती कोणी सांगितली आणि कोणी लिहिली, हेही वेगवेगळे. १९६८च्या त्या रुग्णाबद्दल आपण जे जे विचारतो आहोत त्यातल्या बहुतेकांना इथे घर आहे. अडचण रकाना भरण्याची आहे. औषधाची ॲलर्जी न विचारता इंजेक्शन दिले तर माणूस दगावू शकतो, म्हणून तो रकाना भरला जातो. ‘परिसर’ हा रकाना रिकामा राहिला तर त्या दिवशी कुणाचे काही बिघडत नाही. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरकडे एका रुग्णासाठी दोन-तीन मिनिटे. त्यात खाज कोणत्या महिन्यात वाढते, कामाची जागा कुठली, हे कोण विचारणार आणि कोण टंकणार?

गाजरगवताच्या रुग्णासाठी मात्र पत्ता हाच अर्धा पुरावा असतो. पिनकोड भारतात १५ ऑगस्ट १९७२ला आला, म्हणजे पुण्यातली ‘साथ’ छापून आली त्याच वर्षी. आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपालखात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे पंडित. ४११०३० म्हणजे सदाशिव पेठ. नोंदीत नुसते हे सहा अंक आणि त्रास सुरू झाल्याचा महिना असला, तर नाव उघड न करता पेठनिहाय, हंगामनिहाय चित्र काढता येते. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर नाव झाकण्याची ही काळजी आणखी महत्त्वाची झाली आहे.

फक्त हा पत्ता जुना पुसून नवा लिहिलेला नसावा. या आजाराच्या हट्टी रुग्णाला डॉक्टर कधीकधी जागा बदलायचा सल्ला देतात. तो पेठ सोडून दुसऱ्या गावी जातो, तिथल्या दवाखान्यात नवा पत्ता सांगतो, आणि खिडकीवरचा कारकून जुन्यावर नवा चढवतो. साच्यात प्रत्येक पत्त्याला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ असे दोन दिनांक लिहायची सोय आहे, आणि पत्ता ‘जुना’ म्हणून राखून ठेवायचीही. नोंदणीच्या खिडकीवर त्या दोन जागा सहसा मोकळ्या सुटतात.